अस्सल तपकिरी

४ मार्च १९८८, शुक्रवार

नवी वही. जुनी संपली नव्हती, पण तिच्यात जानेवारीतल्या दोन दिवसांचं हवामान मी चुकीचं लिहिलं होतं. खोडलं तर खोटेपणा, ठेवलं तर त्याहून मोठा. म्हणून नवी.

संकल्प : या वहीत फक्त खरं.

आज मिसेस अडीलिया रप यांचा फोन. आमच्याच रस्त्यावर, दोन शेतं सोडून राहतात. त्यांचे यजमान क्लेटन डिसेंबरात वारले. मागे तांब्याचे जुने मोठे सेंट, दीडदोनशे वर्षांपूर्वीची नाणी, ठेवून गेलेत, सिगारचा खोका भरून. बाईंची घर तापवणारी तळघरातली तेलाची भट्टी बंद पडली आहे. दुरुस्तीवाला म्हणाला, आजी, हिला आता फुलं वाहा आणि नवी घ्या. नवी घेतली नाही तर पुढचा हिवाळा त्या घरात काढता येणार नाही. मुलगा मार्विन म्हणतो आमच्याकडे चल. आणि मार्विनच्या घरी त्याची बायको डार्लीन आहे. मिसेस रप म्हणाल्या, विनी, पोरी, येऊन बघ गं, भट्टीपुरते तरी निघतील का. डार्लीनच्या बेसमेंटमध्ये राहण्यापेक्षा क्लेटनशेजारी जाऊन पडलेलं बरं.

मी हो म्हटलं. नाणी बघायला डॅडना सोडून मला कुणी बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

५ मार्च, शनिवार

तयारी. भिंग पुसलं. मऊ केसांचा ब्रश धुऊन वाळवला. नखं कापली, मग पुन्हा कापली.

मी बारा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. छाती नाजूक होती. शाळा म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल आणि मास्तर म्हणजे डॅड. मी वाचलेला पहिला शब्द ‘लिबर्टी’, कारण तो नाण्यावरच्या बाईच्या डोक्यावर असतो. वजाबाकी मी बेरजेच्या आधी शिकले. झीज किती झाली ते बघून नाण्याला आधी सत्तरपैकी आकडा द्यायचा, मग एकेका दोषाचे गुण कापायचे. ओरखडा आहे, कापा. कडेला ठोका आहे, कापा. हिरवा डाग, कापा. कुणी घासलंय, रंगवलंय असा संशय आला तर दयामाया न दाखवता कापा. उरेल ती नाण्याची लायकी. डॅडच्या मते माणसांचंही असंच करावं.

रंग ही शेवटची परीक्षा. डॅडची सगळी नाणी एकसारखी तपकिरी, कडेपासून केसांच्या बटांपर्यंत, चॉकलेटसारखी. लहानपणी ते म्हणायचे, हा रंग डोळ्यांत बसव, मग तुला जन्मात कुणी फसवू शकणार नाही. बसवला आहे.

डॅडना विचारलं, उद्या रपांकडे येता का? म्हणाले, तुझी नजर ती माझीच नजर, मी कशाला? शिवाय रपांच्या दाराच्या पायऱ्या त्यांना झेपत नाहीत. (पायऱ्या फारशा नाहीत. पण ते म्हणतात म्हणजे असेल.)

६ मार्च, रविवार, दुपारी

चर्चनंतर गेले. मिसेस रप ओव्हनचं दार उघडं टाकून त्यासमोर ऊब घेत बसल्या होत्या. अंगात क्लेटन यांचा कोट. बाह्या बोटांच्याही खाली. माझ्यासाठी काकवीचं सारण भरलेला गोड ‘पाय’ भाजला होता.

मी आधीच सांगून टाकलं, की नाण्यावर वाकून बोलायचं नाही. थुंकीचा कण उडाला तर वर्षभराने तिथे काळा ठिपका उठतो. त्यानंतर बाई तोंडावर हात धरूनच बोलल्या. ऐकणारी बाई आहे.

पहिलंच नाणं १७९४ चं. म्हणाल्या, ये, ही बघ माझी सवत. लग्नाला आठवडा झाला होता. नायगाराला जायचे पैसे साठवले होते, ते क्लेटनने हिच्यावर उडवले. मी म्हटलं, अरे, आणि आपला हनिमून? तर म्हणतो कसा, धबधबा कुठे पळून जातोय का? नाहीच गेला पळून. अजून तिथेच आहे म्हणतात. मी काही पाहिला नाही.

त्या हसल्या. मी हसले नाही; हातात नाणं होतं.

बटा स्वच्छ, तीक्ष्ण. झीज अगदी थोडी. पंचेचाळीस, वादच नाही. पण रंग! गालावर फिकट, मधासारखा. केसांच्या खोबणीत हिरवट ऑलिव्हसारखा. तिरकं धरलं की निळसर झाक. एका नाण्यावर तीन रंग! डॅडच्या एकाही नाण्यावर मी असलं काही पाहिलेलं नाही. सरळ होतं : कुणीतरी ढवळाढवळ केली आहे. कापले. उलटं करून पुन्हा कापले. उरले बारा.

क्षणभर वाटलं, सौम्यपणे सांगावं. पण सौम्यपणा म्हणजे खोट्याला घातलेला स्वेटर. म्हणून सरळ सांगितलं, की हे नाणं रंगवलेलं आहे आणि मिस्टर रपना कुणीतरी गंडवलं.

बाई म्हणाल्या, म्हणजे सवत रंग लावून आली होती तर. मग बराच वेळ त्यांनी तोंडावरचा हात काढला नाही. नाणं मी केव्हाच पिशवीत ठेवलं होतं, तरी.

बाकीच्या नाण्यांचीही तीच गत. चट्टेपट्टे, छटा, झाका. फक्त एक १८०३ चं निघालं, आणि ते पाहून घरी आल्यासारखं वाटलं. सलग तपकिरी, कुठे डाग नाही. चाळीस! मी म्हटलं, मिसेस रप, हे मात्र विकू नका. मिस्टर रपांच्या हातून झालेलं हे एकच शहाणपणाचं काम. म्हणाल्या, अख्ख्या संसारात एक. बरं. काही तरी.

त्यांना मोकळं वाटलं असावं.

पायचा दुसरा तुकडा मी न विचारता घेतला. हे लिहिणं भाग आहे.

७ मार्च, सोमवार

झोप नाही. त्यातलं एक १८१७ चं, त्याला आठ दिले होते. कडेला ठोका होता. तो मी धरला होता की नाही? ऑफिसला जायच्या आधी बर्फ तुडवत रपांकडे गेले. बाई गाऊनवर कोट घालून दारात आल्या. नाणं काढायला लावलं. ठोका धरलेला नव्हता. आठाचे सात केले.

म्हणाल्या, अगं, एवढ्यासाठी या बर्फातून आलीस? मी म्हटलं, प्रामाणिकपणा हवामान बघत नाही. माझ्याकडे बघतच राहिल्या. भारावल्या असणार.

पायच्या तुकड्याबद्दलही माफी मागितली.

१२ मार्च, शनिवार

मिस्टर लमार गँट्झ आज रपांकडे आले. जुन्या नाण्यांचे व्यापारी. फार्मर्स मार्केटात लोणच्यांच्या दुकानाशेजारी त्यांचं टेबल असतं. माणूस हसरा, बोटांत अंगठ्या. मी माझे आकडे वाचून दाखवले. त्यांनी ‘सवत’ भिंगाखाली धरली आणि त्यांना जोराचा खोकला आला. (तोंड वळवून खोकले. अनुभवी माणूस.) मग विचारलं, मिस स्टाउफर, हे बारा तुम्हीच दिलेत? मी म्हटलं, हो, आणि बदलणार नाही. ते म्हणाले, नकाच बदलू. तुमच्यापुढे मी ब्रसुद्धा काढणार नाही.

मिसेस रपनी विचारलं, थोडे वरचे नाही का मिळणार? भट्टीचं होतं. गँट्झनी माझ्याकडे हात केला. म्हणाले, आजी, मी पडलो व्यापारी. मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, लबाड आहे मेला. पण ही तर तुमच्या शेजारची, चर्चमधली मुलगी. तिने का खोटं बोलावं?

मी का खोटं बोलेन? बरोबर आहे.

१८०३ सोडून बाकी सगळी नाणी गँट्झनी माझ्या आकड्यांवरून विकत घेतली. आलेल्या पैशात भट्टी सोडा, भट्टीचं झाकण आलं असतं. मार्विन कोपऱ्यात उभा होता. म्हणाला, मॉम, चला, निकाल लागला. डार्लीनने वॉशिंग मशीनजवळची जागा मोकळी करून ठेवलीय. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. १८०३ त्यांनी मुठीत धरलं होतं. मी सांगितलं, मुठीत नका धरू, घाम लागतो. मग कडेने धरलं.

गँट्झ मला माझ्या वेळेचे पैसे देत होते. नाकारले. मत विकल्यासारखं झालं असतं. मार्केटात सॉसेज सँडविच खायला घातलं, ते मात्र घेतलं. सँडविच मत विकण्यात मोडतं का? उद्या विचार करायचा.

१३ मार्च, रविवार

मोडत नाही. मत आधी दिलं होतं, सँडविच नंतर आलं.

१९ मार्च, शनिवार

गँट्झ यांच्या गाडीतून दोन घरं केली. दोन्हीकडे विधवा. पुरुष गोळा करतात आणि मरतात, बायकांना खोके मिळतात. दोन्हीकडे तेच : छटाच छटा. इतक्या लोकांना इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही, याचं वाईट वाटलं. एक आजी रडायला लागल्या. मी आधी नाणं बाजूला घेतलं, अश्रू खारट असतात. मग रुमाल दिला.

परतताना गँट्झ शीळ घालत होते. म्हणाले, या धंद्यात माझे केस गेले, पण तुमच्यासारखा जोडीदार मिळाला नव्हता. मी सांगितलं, मी तुमची जोडीदार नाही. माझं काम फक्त सत्य सांगण्याचं. ते म्हणाले, तेच तर म्हणतोय!

डॅडना सांगितलं. काही बोलले नाहीत. अभिमान वाटला की ते गप्प होतात.

२६ मार्च, शनिवार

मिसेस रप गेल्या. म्हणजे मार्विनकडे. सामान बांधायला मी मदत केली. ओव्हनचं दार अजून उघडंच होतं, पण ओव्हन बंद.

मी तिथे असतानाच त्यांनी स्मशानाच्या दगडवाल्याला फोन केला. आमच्याकडे नवराबायकोचा दगड एकच करतात. जो मागे राहिला त्याचंही नाव, जन्मसाल आणि पुढे एक रेघ आधीच कोरून ठेवतात, साल तेवढं नंतर घालायचं. क्लेटन यांचा तसाच सांगितला होता. बाई फोनवर म्हणाल्या, माझं नाव काढा. एकट्याचाच करा. त्याला त्याच्या तांब्याच्या बायका आवडायच्या, झोपू दे त्यांच्याजवळ. आयुष्यभर मी काटकसर केली आणि तो रंगवलेल्या बायांना भुलत राहिला. दगडवाल्याने बहुतेक विचारलं की नक्की का, कारण त्या म्हणाल्या, बघणारीने भिंगातून बघून सांगितलंय.

माझ्यामुळे त्यांना स्पष्टता आली. एकाच नावाचा दगड स्वस्तही पडतो.

३ एप्रिल, ईस्टर

कल्पना सुचली. पुढच्या शनिवारी तांबे-क्लबची, म्हणजे तांब्याची नाणी जमवणाऱ्यांची, वार्षिक मांडणी. एका सालाचे सेंट सगळ्यांनी आणायचे, मालकाचं नाव न सांगता टेबलावर ओळीने मांडायचे, आणि प्रत्येकाने चांगल्यापासून वाईटापर्यंत क्रम लावायचा. यंदाचं साल १७९४. गँट्झनी माझं नाव सुचवल्यामुळे मलाही क्रम लावायला बोलावलंय.

डॅडचं १७९४ न्यायचं! त्यांच्याकडचं सर्वांत देखणं. पहिलं येणारच. मग त्यांच्या वाढदिवसाला सांगायचं. डॅड क्लबात कधीच जात नाहीत, म्हणतात तिथे सगळे मत्सराने पिवळे झालेले. एकदा तरी त्या पिवळ्यांना बघू दे.

सहज विचारल्यासारखं केलं, की समजा कुणी नेलंच तर? डॅड एकदम ताठ झाले. म्हणाले, अजिबात नाही, त्या मोठ्या दिव्यांची उष्णता तांब्याला बाधते.

गुपचूप नेणार. वाढदिवसाचं सरप्राइज पापात धरत नाहीत. पास्टरना मागे एकदा विचारून ठेवलं होतं.

९ एप्रिल, शनिवार, सकाळी

नाश्त्याला स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तळलेल्या वड्या, पण गेल्या नाहीत. नाणं फ्लॅनेलमध्ये गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलंय. बक्षीस मिळालं तर भाषणात चार वाक्यं. त्यात ‘माझे पहिले गुरू’ हे शब्द आलेच पाहिजेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा

फक्त खरं लिहायचं ठरलंय. लिहिते.

मांडणी फायर हॉलमध्ये, म्हणजे बंबवाल्यांच्या सभागृहात होती. बाहेर चिकन पॉटपायचं जेवण, आत लांब टेबल, त्यावर मोठे दिवे. अध्यक्ष डॉक काइम. निवृत्त दंतवैद्य, आणि बोलतातही दात उपटल्यासारखं. टेबलावरच्या ओळीत मला ‘सवत’ दिसली. गँट्झनी आणली होती! मला हसू आलं. म्हटलं, माणूस धाडसी आहे. तिला मी सर्वांत शेवटी टाकलं, डॅडच्या नाण्याला सर्वांत वर. मधल्या क्रमांसाठी वेळ लागला, सगळीच चट्ट्यांची.

क्लबची एक रीत आहे. ज्याचा क्रम इतरांपेक्षा सर्वांत वेगळा निघेल, त्याने उभं राहून कारण सांगायचं. डॉक काइमनी माझा कागद वाचला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. म्हणाले, मिस स्टाउफर, क्रम अगदी अचूक आहे. फक्त खालून वर वाचायला हवा.

हशा झाला. मी उभी राहिले. आवाज स्थिर होता. (नव्हता.) सांगितलं, की अस्सल तांबं एकरंगी असतं, आणि या शेवटच्या नाण्यावर तीन रंग आहेत.

डॉक म्हणाले, पोरी, इकडे बघ. मी म्हातारा झालो ना? मग माझ्या नाकाचा रंग आणि कानाचा रंग एक आहे का? तांबंही असंच म्हातारं होतं. कुठे ऊन लागलेलं, कुठे सावलीतलं. एकाच रंगाचं फक्त काय असतं माहितेय? भिंत.

मग त्यांनी खिशातून कापसाचा बोळा काढला, दातांच्या दवाखान्यातला असावा, तेलकट औषधात बुडवला आणि माझ्या पहिल्या नंबरच्या नाण्यावरून हलकेच फिरवला. बोळा तपकिरी झाला. नाण्यावरची बाई गालाजवळ गुलाबी झाली, सोललेल्या गुडघ्यासारखी. कुणीतरी बोळ्याचा वास घेतला. म्हणाला, बूटपॉलिश! दुसरा म्हणाला, मग काय, पायात घाला आणि नाचा. तिसरा म्हणाला, मालकाला विचारा, काळ्या बुटांचंही करतो का.

डॉक म्हणाले, कुणाचं आहे हे? नाव सांगितलंच पाहिजे असं नाही.

गप्प राहता आलं असतं. नाही राहिले. म्हटलं, माझ्या डॅडचं. मागून एक म्हातारा खुर्चीतच वळला. म्हणाला, इनस स्टाउफरचं? तो अजून भाजतोच आहे का?

पहिला नंबर ‘सवती’चा आला. तिथेच कुणीतरी गँट्झना आकडा सांगितला आणि त्यांनी मान हलवली, म्हणजे नको, अजून वर. तो नाकारलेला आकडा मी ऐकला. त्यात भट्टी बसली असती, टाकी भरून तेल आलं असतं, आणि बाई नायगाराला जाऊन आल्या असत्या.

दिव्यांची उष्णता. डॅडनी सांगितलं होतं. उष्णतेने रंग सुटतो. तसंच असणार.

पॉटपाय तसाच सोडून आले. पैसे भरले होते.

१० एप्रिल, रविवार

उष्णता नाही.

चर्चहून आल्यावर डॅडसमोर नाणं ठेवलं. सगळं सांगितलं, न विचारता नेलं तेही. मला वाटलं, ते उभे राहतील, टेबलावर मूठ आपटतील, क्लबात जाऊन एकेकाला जाब विचारतील. त्यांनी नाणं उचलून उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, छे, पॉलिशचे दोन हात द्यायला हवे होते.

मी म्हटलं, डॅड!

म्हणाले, अगं मग? शेतातून, विहिरीतून निघतात तेव्हा काय अवतार असतो त्यांचा! हिरवी, खवल्यांची. आधी सोलून काढायची, मग गंधक आणि व्हॅसलीन लावून ओव्हनमध्ये, मग पॉलिश. मी माणसात आणतो त्यांना. तुला माहीत नव्हतं? शनिवारी घरभर वास सुटायचा ना! मला वाटलं, हुशार मुलगी आहे, कळलं असेल, बोलत नसेल.

शनिवारचा वास. मला वाटायचं, डॅडच्या त्वचेचं औषध. आमच्या घरात तपकिरी पॉलिश कायम असतं, पण कुणाकडेच तपकिरी बूट नाहीत, हेही आजच लक्षात आलं.

विचारलं, मग मला हाच रंग का शिकवला? जरा विचार करून म्हणाले, घरात तोच होता.

विकलीत कधी? म्हणाले, अधूनमधून. क्लेटन रपने एकदा १८०३ घेतलं होतं. नंतर त्याला कळलं. पोस्टात समोर आला की टोपी खाली ओढून निघून जायचा. पण परत मागितलं नाही हं. भला माणूस.

त्यानंतर डॅडनी पेपर उघडला. मी बशा विसळल्या. एक बशी दोनदा विसळली गेली.

विचार केला. डॅडनी मला रंग शिकवला, तो चुकला. पण कडकपणा माझा स्वतःचा आहे. तो कुणी शिकवलेला नाही. त्यात खोट नाही.

१२ एप्रिल, मंगळवार

ऑफिसातून अर्धी रजा. मार्केटात गँट्झ यांच्या टेबलापाशी गेले आणि सांगितलं, ‘सवत’ परत करा, नाहीतर फरक तरी द्या. त्यांनी मला स्टूल दिलं, कॉफी दिली. म्हणाले, मिस स्टाउफर, मी बाईंना एक तरी आकडा सांगितला का? मी म्हटलं, नाही. म्हणाले, नाणं खोटं आहे असं म्हटलं? नाही. मग कोण म्हणालं?

उत्तर मला येत होतं. म्हणून दिलं नाही.

कॉफी प्यायले नाही. निदान.

१७ एप्रिल, रविवार

मिसेस रपना सत्य सांगणं हे कर्तव्य. चर्चमध्ये उठायच्या वेळी बसूनच राहिले, इतका तोच विचार. डार्लीनकडे बेसमेंटमध्ये बाईंची कॉट. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला ख्रिसमसच्या सजावटीचे खोके. ऊब मात्र भरपूर. फार. बाईंनी स्वेटर काढून ठेवला होता.

सगळं सांगितलं. ‘सवत’ अस्सल, क्लबात पहिली, तिची खरी किंमत, सगळं. क्लेटन यांची नजर त्या हॉलमध्ये बसलेल्या बहुतेकांपेक्षा चांगली होती, तेही. आणि ते एकच १८०३ बनावट, आमच्याच ओव्हनमधलं, हेही. त्यांच्याकडे तेवढंच उरलंय, हे माहीत असूनही. अर्धं सत्य सांगायला मी गेले नव्हते.

बाई ओरडतील असं वाटलं होतं. त्यासाठी मनाची तयारी करून गेले होते. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, म्हणजे क्लेटन खुळा नव्हता?

मी म्हटलं, नाही, मुळीच नाही.

त्या म्हणाल्या, दगड मंगळवारी बसवला. एकट्याचा. मी जाऊन बघून आले. त्याला म्हटलं, भोग आता.

मशीनमध्ये डार्लीनचे टॉवेल फिरत होते.

मी म्हटलं, दगड बदलता येईल. मी वर्गणी देईन. म्हणाल्या, मार्विनला काय सांगू, बघणारीने पुन्हा बघितलं? मग म्हणाल्या, तू हे मला आत्ता का सांगितलंस गं?

मी म्हटलं, खरं आहे म्हणून.

म्हणाल्या, तेव्हाही खरंच होतं की. त्याच तोंडाने सांगितलं होतंस.

त्यावर बरंच बोलता आलं असतं. तेवढ्यात वरून डार्लीन ओरडली, मॉम, कोण आहे खाली, आवाज वर येतोय, माझी मालिका लागलीय! बाईंनी तोंडावर हात धरला आणि त्याच्या आडून मला म्हणाल्या, जा आता.

घरी येऊन हिशेब तपासला. न सांगणं चूक ठरलं असतं. सांगणं बरोबर होतं. सांगितल्यावर मला हलकं वाटलं, म्हणजे बरोबरच होतं. बाईंनाही वाटेल, हळूहळू.

२२ एप्रिल, शुक्रवार

गँट्झ यांचा फोन. उद्या मॅनहाइम गावात एका बाईंकडे जायचंय, यजमान नुकतेच गेले, कपाटाचे दोन ड्रॉवर भरलेत. मी स्पष्ट सांगितलं, मी त्या लायकीची नाही. माझी नजर बिघडलेली आहे. मला पहिल्यापासून शिकायला हवं, आणि डॉक काइम मला रविवारी शिकवायला तयार झालेत. (झालेले नाहीत. विचारायचा विचार होता.)

गँट्झ एकदम गंभीर झाले. म्हणाले, मिस स्टाउफर, हात जोडतो, काहीही शिकू नका. तुम्ही आहात तशाच मला हव्यात.

असं मला आजपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं.

दिवसभर विचार केला. नाही गेले तर ते एकटेच जाणार. त्या बाईंच्या बाजूने बघायला तिथे कुणीच नसेल. निदान एक तरी प्रामाणिक माणूस त्या खोलीत हवं.

सकाळी आठला गाडी येईल.